खाटेजवळचे नातेवाईक : भारतातील मनोरुग्ण परिचर्येचा इतिहास

मनोरुग्ण परिचर्या हा व्यवसाय भारतात पहाऱ्यातून निघाला. एकोणिसाव्या शतकात मुंबईत कुलाब्याला, मग नागपूरला (१८६४), रत्नागिरीला (१८८६) आणि नव्या शतकाच्या तोंडावर ठाण्याला (१९०१) ‘वेड्यांची इस्पितळे’ उभी राहिली. तिथे रुग्णाच्या सर्वाधिक सहवासात असलेला माणूस डॉक्टर नव्हता, परिचारिका तर नव्हतीच. तो तुटपुंज्या पगारावर नेमलेला रखवालदार होता. सकाळ-संध्याकाळ शिरगणती करायची, आंघोळी उरकून घ्यायच्या, जेवण वाढायचे, कुलपे तपासायची आणि कोणी अंगावर धावून आला तर चौघांनी मिळून त्याला आवरायचे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. शिक्षण, निरीक्षण, नोंद यांतले काही त्याच्या कामात बसत नव्हते. १८५८ च्या आणि नंतर १९१२ च्या कायद्याने इस्पितळाचे दार मुख्यतः मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने उघडत असे. अनेक रुग्ण पोलिसांबरोबर येत, घरचे लोक दाराबाहेरच थांबत, आणि पुष्कळांच्या बाबतीत घरचे लोक कोण हेही कोणाला माहीत नसे.

संस्कृतीचे भान या व्यवस्थेला अगदीच नव्हते असे म्हणता येत नाही. ते वेगळ्या जातीचे होते. युरोपियन रुग्णांची सोय निराळी, त्यांची खोली, फर्निचर, जेवण सगळे निराळे. एतद्देशीयांमध्ये चूल आणि पंगत कोणाची कोणाबरोबर, याची काळजी घेतली जाई, कारण जेवणावरून वॉर्डात दंगा होऊ नये अशी प्रशासनाची इच्छा होती. रुग्णाच्या आजाराचा त्याच्या रीतिभातींशी काही संबंध असेल आणि तो समजून घेतल्याने उपचार सोपे होतील, हा विचार त्यामागे नव्हता. सोवळे सांभाळले जात होते, ते सोवळे पाळणारा माणूस मात्र नोंदवहीत एक आकडा होता.

त्या नोंदवह्यांची लायकी काय होती, ते १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने दाखवून दिले. गांजा-भांगेने वेड लागते का, हे तपासण्यासाठी कमिशनने देशभरातल्या इस्पितळांतली १८९२ सालची प्रकरणे पुन्हा उकरली. गांजा-भांगेमुळे वेड लागल्याची नोंद असलेली २२२ प्रकरणे होती. प्रत्येकाच्या गावी, घरी चौकशी केल्यावर शंभराच्या आतच टिकली, आणि त्यांतल्याही काहींत इतर कारणांची सरमिसळ होती. घोटाळा साधा होता. रुग्णाबरोबर येणाऱ्या कागदात ‘कारण’ असा एक रकाना असे. आणणाऱ्या पोलिसाला घरची हकीकत ठाऊक नसे, रकाना तर भरावाच लागे. साधू-फकिरासारखा दिसणारा माणूस असला की ‘गांजा’ लिहून मोकळे होत. इस्पितळातला कारकून तेच उतरवून घेई आणि वार्षिक अहवालात ते शास्त्र म्हणून छापले जाई. रुग्णाच्या माणसांना विचारल्याशिवाय त्याच्याविषयी काहीही खरे कळत नाही, हे एका सरकारी कमिशनला कळले. इस्पितळांना ते अंगी बाणवायला आणखी साठ वर्षे लागली.

इंग्लंडमध्ये याच काळात रखवालदाराचा परिचर होऊ लागला होता. तिथे १८८५ मध्ये मनोरुग्णांच्या सेवकांसाठी एक हस्तपुस्तिका निघाली. लाल पुठ्ठ्यामुळे ती ‘रेड हँडबुक’ म्हणूनच ओळखली गेली. १८९१ पासून सेवकांना परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळू लागले. अमेरिकेत बोस्टनजवळच्या मॅक्लीन इस्पितळात १८८२ मध्येच प्रशिक्षणशाळा सुरू झाली होती. भारतात हे वारे आले ते प्रथम युरोपियन रुग्णांपुरते. १९१८ मध्ये रांचीला केवळ युरोपियनांसाठी मनोरुग्णालय उघडले. त्याचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल यांनी तिथे कामातून उपचार, खेळ, मोकळा वावर असे प्रयोग केले. हिंदी रुग्णांसाठीचे रांचीचे दुसरे इस्पितळ १९२५ चे. त्याच दशकात ‘असायलम’ ही पाटी उतरून ‘मेंटल हॉस्पिटल’ ही पाटी लागली. पाटी बदलल्यावर आतले मनुष्यबळ बदलतेच असे नाही, आणि इथेही ते बदलले नाही.

मनुष्यबळाची खरी गरज निर्माण केली ती नव्या उपचारांनी. १९३० च्या दशकात इन्सुलिन देऊन रुग्णाला बेशुद्धीत नेण्याचा उपचार आला, १९३८ मध्ये विजेच्या झटक्यांचा. आज इन्सुलिनचा उपचार इतिहासजमा झाला आहे आणि त्याच्या गुणाविषयी फारसे चांगले कोणी बोलत नाही. परंतु बेशुद्ध रुग्णाची नाडी, श्वास, घाम तासन्‌तास पाहत बसायचे आणि वेळेवर साखर द्यायची, हे काम दंडुकेवाल्याच्याने होणारे नव्हते. कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या हाताला घड्याळ आणि तक्ता सांभाळावा लागला. मनोरुग्णालयांना प्रशिक्षित परिचारिका हवीशी वाटू लागली, त्यात दयेपेक्षा या तांत्रिक निकडीचा वाटा मोठा होता.

हवीशी वाटली तरी आणायची कुठून? देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात दोन आकडे आहेत. देशात सुमारे ४०,००० लोकसंख्येमागे मनोरुग्णालयातली एक खाट होती, इंग्लंडमध्ये साधारण ३०० लोकांमागे एक. परिचारिकांची गत तशीच : सगळ्या देशात मिळून सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक, आणि ही संख्या सर्व प्रकारच्या परिचर्येची. त्यांतल्या बहुसंख्य बाळंतपणाच्या आणि शस्त्रक्रियेच्या वॉर्डांत होत्या. परक्यांचे मलमूत्र काढणे हे विटाळाचे काम, रात्रपाळी करणारी बाई संशयाची, या समजुतींमुळे बऱ्याच समाजांतल्या मुली या व्यवसायाकडे फिरकत नव्हत्या. ख्रिस्ती समाजातून, विशेषतः केरळातून आलेल्या मुलींनी तो उचलून धरला. वेड्यांच्या इस्पितळात तर शेवटची निवड म्हणूनही कोणी जात नसे.

या टंचाईतूनच भारतीय मनोरुग्ण परिचर्येतली सर्वांत मौलिक गोष्ट घडली, आणि ती कोणत्याही ग्रंथातून आली नाही. फाळणीनंतर, १९५० मध्ये, लाहोरच्या मनोरुग्णालयातले हिंदू आणि शीख रुग्ण अमृतसरला आणले गेले. तिथले अधीक्षक डॉ. विद्यासागर यांच्यापुढे रुग्ण उदंड, खाटा कमी आणि कर्मचारी त्याहून कमी, असा पेच होता. त्यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या घरच्यांना तिथे राहायला बोलावले. जो कायदा आणि जी व्यवस्था नातेवाइकांना शंभर वर्षे बाहेर ठेवत आली होती, तिच्या अंगणातच आता चुली पेटल्या. आई मुलाला जेवू घाली, भाऊ त्याच्याबरोबर फिरायला जाई. संध्याकाळी डॉक्टर सगळ्यांना एकत्र बसवून आजाराविषयी बोलत, शंका घेत, लोकांना ओळखीच्या गोष्टी-दाखल्यांतून समजावत. रुग्ण काही आठवड्यांत घरी परतू लागले. परतताना त्यांच्याबरोबर असा माणूस असे, ज्याने बरे होणे डोळ्यांनी पाहिले होते आणि गोळी का, कधी द्यायची हे ज्याला ठाऊक होते.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ मध्ये सुरू केलेल्या मानसिक आरोग्य केंद्रात याच कल्पनेला नियमाचे रूप आले. दाखल होणाऱ्या रुग्णाबरोबर घरचे माणूस राहिलेच पाहिजे. पुढे बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेतही कुटुंबासाठी वेगळा विभाग झाला. पाश्चात्त्य देशांत याच सुमारास मनोविकाराचे मूळ कुटुंबात शोधण्याची आणि रुग्णाला घरच्यांपासून दूर ठेवण्याची लाट होती. भारतीय प्रयोग तिच्या उलट दिशेने गेला, आणि तो तत्त्वज्ञानापेक्षा अडचणीतून गेला, हे त्याचे श्रेय कमी करत नाही.

परिचारिकेचे काम या व्यवस्थेत मुळातून बदलले. पूर्वी तिच्यासमोर एक रुग्ण होता. आता एक रुग्ण, त्याची आई, आईचे ऐकणारा पण बायकोच्या बाजूचा धाकटा भाऊ आणि दर रविवारी येऊन सल्ला देणारा मामा. आंघोळ घालणे, भरवणे ही कामे घरच्यांकडे गेली. तिच्याकडे उरले ते शिकवणे, पाहणे आणि मध्यस्थी करणे. मुलगा तीन दिवस जेवत नाही हे आई सांगते. तो फक्त आईच्या हातचे जेवत नाही, शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या डब्यातले खातो, हे परिचारिका पाहते. तिची नोंद ही दुसरी गोष्ट असते, आणि निदान तिच्यावर फिरू शकते. अर्थात याची दुसरी बाजूही होती. नातेवाईक सगळे करतात म्हटल्यावर परिचारिकांची पदे भरायची घाई सरकारला राहत नाही. कुटुंबाच्या कौतुकाआड बायकांच्या फुकट श्रमाचा हिशेब लपतो, कारण खाटेजवळ बसलेली व्यक्ती बहुधा आई, बायको किंवा बहीणच असते.

औपचारिक शिक्षणही १९५० च्या दशकातच उभे राहिले. बंगळुरूला १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली (१९७४ पासून ती निम्हान्स), आणि दशकाच्या मध्यावर तिथे परिचारिकांसाठी मनोरुग्ण परिचर्येचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आला. बी. एस्सी. नर्सिंगमध्ये हा विषय १९६५ पासून सक्तीचा झाला, सामान्य परिचर्या पदविकेत मात्र १९८६ पर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे त्याआधी जिल्हा रुग्णालयांत रुजू झालेल्या हजारो परिचारिकांनी मनोरुग्ण पाहिला तो वर्तमानपत्रात, सिनेमात किंवा रस्त्यावर.

पाठ्यपुस्तके अमेरिकेतून आली. परिचर्यातज्ज्ञ हिल्डगार्ड पेप्लाऊ यांच्या १९५२ च्या ग्रंथाने परिचारिका आणि रुग्ण यांच्यातले नाते हेच उपचाराचे साधन मानले. हे नाते दोन प्रौढ, स्वतंत्र व्यक्तींचे. परिचारिका सल्ला देत नाही, रुग्णाला स्वतःचा मार्ग शोधू देते. भारतीय वॉर्डात हे जसेच्या तसे लागू करायला गेले की अडचण येई. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असे पुन्हापुन्हा विचारणाऱ्या सिस्टरला काही येत नाही, असाच रुग्णाचा ग्रह होई. त्याला वडीलधारे माणूस हवे असे, जे ऐकून घेईल आणि मग चार शब्द सांगेलही. मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरू-शिष्य नात्याचा नमुना उपचारासाठी मांडला, तो याच पोकळीत. नेकींचे म्हणणे सगळ्यांना पटले नाही. गुरूच्या आसनावर बसलेल्या तज्ज्ञाला जाब कोण विचारणार, हा आक्षेप रास्तच आहे. तरी मराठी वॉर्डात ‘सिस्टर’ला मावशी किंवा ताई म्हणणारा रुग्ण तिच्याकडून कोणत्या नात्याची अपेक्षा करतो, हे त्या मांडणीमुळे निदान चर्चेत आले.

परिचर्येत संस्कृतीला शास्त्राचे स्थान देणाऱ्या मॅडेलिन लायनिंगर या मुळात बालमनोविकार परिचारिका. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीत वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांची शुश्रूषा करताना त्यांच्या ध्यानात आले की झोपवण्याच्या, भरवण्याच्या, समजूत काढण्याच्या एकाच पद्धतीने सगळी मुले शांत होत नाहीत. त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला, न्यू गिनीतल्या गाडसुप लोकांमध्ये राहिल्या आणि परिचारिकेने रुग्णाच्या रीतीशी तीन प्रकारे वागावे असे मांडले : काही रीती जपाव्यात, काहींशी जुळवून घ्यावे, काही रुग्णाच्या संमतीने बदलाव्यात.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही मनोरुग्ण वॉर्डात या तिन्हींची उदाहरणे एका फेरीत सापडतात. रुग्णाच्या मनगटातला गंडा, गळ्यातली तुळशीची माळ किंवा ताईत काढून टाकण्याचे काही कारण नसते. आत्महत्येचा धोका असेल तेव्हा गळ्यातला दोरा तेवढा सुरक्षिततेसाठी उतरवावा लागतो, आणि तो कपाटात कुठे ठेवला हे रुग्णाला दाखवून ठेवले की तंटा होत नाही. उपवासाचे मात्र तसे नाही. लिथियम घेणाऱ्या रुग्णाने निर्जळी एकादशी किंवा रोजा धरला, शरीरातले पाणी कमी झाले, तर रक्तातले लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. ‘उपवास सोडा’ असे सुनावणारी परिचारिका बहुधा हरते; रुग्ण मान डोलावतो आणि घरी जाऊन गोळी बंद करतो, उपवास करतोच. पाणी चालेल असा उपवास करता येईल का, आजाऱ्याला व्रतातून मिळणारी सूट घेता येईल का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांशी किंवा मौलवींशी बोलून ठरवणे हा जुळवून घेण्याचा मार्ग. तिसऱ्या प्रकारात साखळी येते. रुग्णाला खांबाला बांधून ठेवणाऱ्या बापाला राक्षस ठरवणे सोपे आहे. त्याला रात्री झोप मिळेल अशी औषधाची व्यवस्था लागेपर्यंत ती साखळी सुटत नाही.

‘अंगात येणे’ हा या क्षेत्रातला कायमचा पेचप्रसंग. नवरात्रात देवीपुढे घुमणारी बाई तासाभराने उठून स्वयंपाकाला लागते. तिला रुग्ण म्हणणे चूक आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही धार्मिक रीतीला धरून असलेल्या अशा अवस्थेला विकारातून वगळले आहे. तीच बाई अवेळी, अनावर, काम-झोप सुटेपर्यंत घुमू लागली की प्रश्न वेगळा. फरक ओळखण्यासाठी तिच्या जावेला आणि शेजारणीला विचारावे लागते. अमेरिकन निदानसंहितेच्या २०१३ च्या आवृत्तीत रुग्णाला स्वतःचा आजार स्वतःच्या शब्दांत सांगू देणारी सोळा प्रश्नांची मुलाखत आली. जीव घाबरा होतो, डोके गच्च होते, जिवाला गोड वाटत नाही, बाहेरचे काही लागले आहे : ओपीडीतल्या या तक्रारी ऐकत अनुभवी परिचारिका तेच प्रश्न फार आधीपासून विचारत आल्या होत्या.

बाहेरचे लागले असे वाटले की लोक आधी देवऋषाकडे, गाणगापूरला, हाजीमलंगला किंवा गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्याला जातात, इस्पितळ नंतर. तमिळनाडूत एरवाडी दर्ग्याच्या परिसरातल्या एका खाजगी निवाऱ्यात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ जण मेले. त्यानंतर अशी ठिकाणे बंद पाडावीत असा एक सूर निघाला. उनाव्याला २००८ मध्ये निराळी वाट धरली गेली : दर्ग्यातच दवाखाना, मुजावरांना आजाराची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण, दुव्याबरोबर दवा. महाराष्ट्राने २०१३ मध्ये, अंधश्रद्धाविरोधी चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा त्यात गुन्हा आहे, मात्र देवळात वा दर्ग्यात जाणे नाही. ही रेषा परिचारिकेच्या फार उपयोगाची. आंगारा लावला म्हणून ती बापावर चिडत नाही. चटके दिलेले दिसले तर मात्र गप्प बसत नाही.

आपल्या इस्पितळांत सगळे आलबेल होते असे मुळीच नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९९ मध्ये मनोरुग्णालयांविषयी जो अहवाल काढला, त्यात कोठड्या, तुटके संडास, डोके भादरलेले आणि एकसारखे कपडे घातलेले रुग्ण असेच चित्र होते. उवा होतात म्हणून डोके भादरणे ही परिचरांच्या दृष्टीने स्वच्छता होती. ज्या समाजात विधवेचे केशवपन ही जिवंतपणीची शिक्षा होती, त्यातल्या बाईला वॉर्डात आल्या दिवशी डोके भादरून घ्यावे लागणे म्हणजे काय, याचा विचार करायला सवड नव्हती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सक्तीचे मुंडण बंद केले, स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क दिला, पाळीच्या काळात लागणाऱ्या वस्तू देणे बंधनकारक केले, साखळीला आणि भूल न देता झटके देण्याला मनाई केली. जात, धर्म, संस्कृती यांवरून सेवेत भेद करता येणार नाही, माहिती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागेल, आणि केवळ समाजाच्या रीतीविरुद्ध वागतो म्हणून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, हेही त्यात आहे. लग्न करायला नकार देणाऱ्या मुलीला ‘डोके फिरले’ म्हणून दाखल करू पाहणाऱ्या घरच्यांना सिस्टर आता या कलमाकडे बोट दाखवू शकते.

नातेवाइकांवर उभ्या असलेल्या या परिचर्येची खरी परीक्षा नातेवाईक नसलेल्या रुग्णापाशी होते. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या चार सरकारी मनोरुग्णालयांत बरे होऊनही वर्षानुवर्षे राहिलेली माणसे आहेत, त्यांत बायका पुष्कळ. काहींना घरच्यांनी चुकीचा पत्ता देऊन सोडले, काही रेल्वेतून भरकटत आल्या. अशा रुग्णाचे बोलणे, लुगडे नेसण्याची तऱ्हा, गोंदण, ती गुणगुणते ती गाणी, तिला भात हवा की भाकरी, यांवरून गाव शोधावे लागते. भाषा न कळणाऱ्या वॉर्डात दुसऱ्या प्रांतातली परिचारिका कधी दुभाषी होते. कर्जतची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातल्या घरी पोहोचवते. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना घर मिळत नाही किंवा घर घेत नाही, त्यांच्यासाठी पुनर्वसनगृहे काढावीत असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावले आहे. बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहांत हलवणे थांबवा, असा आदेश न्यायालयाला जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्राला द्यावा लागला.